गिनी पिगची खाज आणि मुलांच्या अंगावरचे गजकर्ण

मुलांच्या हट्टापायी अलीकडे लहान गावांतल्या काही घरांतही गिनी पिग पाळले जाऊ लागले आहेत. नावात पिग असले तरी डुकराशी या प्राण्याचा काही संबंध नाही. तो उंदीर-खारीच्या कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. स्वभावाने गरीब, सहसा चावत नाही. त्यामुळे मुले त्याला मांडीवर घेतात, गालाशी धरतात. म्हणूनच त्याच्या कातडीचे दुखणे हा केवळ जनावरांच्या डॉक्टरांचा विषय राहत नाही. माझ्यासारख्या माणसांच्या डॉक्टरचाही होतो.

तीन आजार पालकांना ओळखता आलेच पाहिजेत. पहिला गजकर्ण. नाक, डोळे व कान यांच्याभोवती केस जाऊन कोरड्या खपलीचे चट्टे दिसतात. काही वेळा चट्टा दिसत नाही, तरी बुरशी केसांत असतेच. तीच पुढे मुलाच्या हातावर, मानेवर, क्वचित डोक्यात गोल चट्टा होऊन उगवते.

दुसरा आजार खरूज. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बिळे करतो. प्राणी सारखा खाजवतो, केस गळतात, कातडी जाड होते, रक्त निघते. खाज फार वाढली तर त्याला झटकेही येतात. त्याला हाताळणाऱ्या मुलाच्या हातांवर व पोटावर खाजरे पुरळ येते, पण हा किडा माणसाच्या अंगावर वाढू शकत नाही. प्राण्यावर उपचार झाले की पुरळही जाते.

तिसरा आजार उवांचा. कानामागे केस बाजूला केले की बारीक किडे हलताना दिसतात. त्या मात्र माणसाच्या डोक्यात घर करत नाहीत.

याशिवाय आहाराचेही एक कारण आहे. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. 1907 साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी स्कर्व्हीचा अभ्यास केला तो याच प्राण्यावर. नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवलेल्या गिनी पिगचे केस राठ होतात, जखमा भरत नाहीत आणि त्याची शक्ती कमी होते. रोज ढोबळी मिरचीचा किंवा पेरूचा लहान तुकडा, थोडी कोथिंबीर आणि भरपूर वाळलेले गवत द्यावे.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. मुलाच्या अंगावर चट्टा दिसला की आपण औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतो. अशा अनेक मलमांत स्टिरॉईड असते. दोन दिवसांत खाज व लाली कमी होते आणि घरच्यांना गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. 2018 साली सरकारने अशा अनेक मलमांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, तरी ती आजही चिठ्ठीशिवाय मिळतात. हे थांबायला हवे. दुकानदाराने देऊ नये, हे खरेच; पण आपणही मागू नये.

प्राण्याच्या बाबतीत तर आपण अधिकच धाडसी होतो. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल त्याला देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांनी त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात आणि प्राणीही दगावू शकतो. गुरांच्या गोचिडांचे औषध अंदाजाने लावू नका. रॉकेल, फिनाईल तर नकोच. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. खरजेवर चांगली औषधे आहेत, पण मात्रा वजनावर ठरते आणि ठरावीक दिवसांनी ती पुन्हा द्यावी लागते.

प्रतिबंध सोपा आहे. नवा प्राणी आणल्यास दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. आठवड्यातून एकदा उजेडात त्याचे कान, पोट व पायांचे तळवे पाहा. अंथरलेले गवत कोरडे ठेवा. पावसाळ्यात हे विशेष सांभाळा, कारण ओल्या, घाणीने माखलेल्या अंगावर माशी अंडी घालते व अळ्या पडतात. हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. चट्टा आलाच तर मूल आणि प्राणी, दोघांवर एकाच वेळी उपचार करा. नाहीतर एकाचे दुसऱ्याला होत राहते.

“एवढ्याशा प्राण्याला कसला डॉक्टर? त्याच्या किमतीहून फीच जास्त,” असे काही पालक मला विचारतात. माझे उत्तर असे की, मग तो प्राणी आणूच नये. आणि आणला असेल तर आजारी पडल्यावर त्याला उकिरड्यावर सोडून देणे हा उपचार नव्हे. मुले सारे पाहत असतात. मुक्या जिवाचे दुखणे आपल्या घरात कसे वागवले जाते, हेही ती यातूनच शिकतात.