काळ्या कोटाआधीची तीन वर्षे

जून उजाडला की आमच्या ओसरीवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, पावसाची पहिली झड. आणि दुसरी, मुलाला किंवा मुलीला वकील करायचे ठरवून सल्ला विचारायला आलेले पालक. यंदा आले ते शेजारचे मास्तर. सोबत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात नुकतीच गेलेली मुलगी आणि हातात प्रवेश परीक्षेच्या तीन क्लासची गुळगुळीत माहितीपत्रके. फीचे आकडे वाचून मास्तरांचा चेहरा उतरला होता.

"काका," मुलगी म्हणाली, "बारावीनंतरच पाच वर्षांच्या कोर्सला जायला हवं होतं, असं सगळे म्हणतात. मी उशीर केला का?"

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जात असेल, म्हणून त्याचे उत्तर इथे जरा सविस्तर देतो. उशीर मुळीच झालेला नाही. कायद्याच्या शिक्षणाला आपल्याकडे दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांची एक, आणि कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर तीन वर्षांची दुसरी. पहिल्या वाटेची ओढ वाढली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यालय सुरू झाल्यापासून. २००८ पासून अशा विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही सामाईक परीक्षा आली. दुसरी वाट जुनी आहे, पण ती बंद झालेली नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीला पंचेचाळीस टक्के गुण लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. त्या परीक्षेत कायद्याचा कल, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे चार भाग असतात. मुंबईचे १८५५ चे शासकीय विधी महाविद्यालय काय किंवा पुण्याचे १९२४ चे आयएलएस काय, पदवीनंतर आलेल्या मुलांनाही तिथे जागा आहे.

मास्तरांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता : मग पदवीला विषय कोणता घ्यावा? मी म्हटले, जो मनापासून वाचवेल तो. लोकमान्य टिळक गणिताचे विद्यार्थी होते, एलएल.बी. झाले ते नंतर, १८७९ साली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले ते अर्थशास्त्राचा डोंगर चढून. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली परीक्षा दिली, पण स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. या तिघांच्या विषयांत काही साम्य नाही. साम्य आहे ते वाचनाच्या शिस्तीत.

ही शिस्त मला नव्हती. ते सांगतो, कारण सल्ला देणाऱ्याने आपली चूक लपवू नये. वकिली सुरू करून मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. सीनिअर परगावी गेलेले असताना एक वृद्ध शेतकरी पिशवीतून जुने खरेदीखत घेऊन आला. अडचणीच्या काळात जमीन लिहून दिली होती; ती परत मिळेल का, एवढेच त्याला विचारायचे होते. मी पहिले पान वाचले, 'खरेदीखत' हा शब्द पाहिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले, "बाबा, जमीन विकली गेली. आता काही होणार नाही." म्हातारा हात जोडून निघून गेला.

सीनिअर परतल्यावर मी सहज ही हकिकत सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न केला, "शेवटचे पान वाचलेस?" मी वाचले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून त्याला बोलावून घेतले. तिसऱ्या पानाच्या तळाशी, किरट्या अक्षरात, पैसे परत केल्यास जमीन परत द्यायची अट लिहिलेली होती. मुदत खरेदी होती ती. कायद्याच्या दृष्टीने गहाण ठरू शकेल असा व्यवहार. पण माझ्या उत्तराने हताश होऊन म्हाताऱ्याने दरम्यान चार पैसे घेऊन उरलासुरला हक्कही समोरच्याला लिहून दिला होता. तो मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

मला कायदा येत नव्हता असे नाही. ते कलम मी परीक्षेला पाठ केले होते. मला येत नव्हते ते कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे आणि समोरच्याचे पुरते ऐकून घेणे. या दोन सवयी कायद्याच्या कॉलेजात नव्याने लागत नाहीत. त्या लागतात पदवीच्या वर्षांत, नाहीतर फार महागात लागतात, आणि ती किंमत पक्षकार मोजतो.

पाठांतराचे म्हणाल, तर नुसत्या कलमांच्या आकड्यांचा भरवसा नाही. खून म्हणजे तीनशे दोन आणि फसवणूक म्हणजे चारशे वीस, हे आमच्या पिढीच्या हाडीमासी खिळले होते. १ जुलै २०२४ रोजी १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमे झाली. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली आणि फसवणूक ३१८ मध्ये. बोलीतला 'चारसोबीस' तेवढा जागच्या जागी राहिला! आकडे बदलले, पण हेतू होता की नव्हता, पुरावा पुरतो की नाही, हे तपासण्याची रीत बदलली नाही. मुलांनी ती रीत शिकावी.

म्हणून पदवीच्या मुलांना माझे सांगणे साधे आहे. आठवड्याला एक निकालपत्र वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवादही आता विनामूल्य मिळतात. घडले काय, वाद कशाचा, निकाल काय आणि कारण कोणते, एवढे एका पानात स्वतःच्या शब्दांत लिहा. इंग्रजी रोज वाचा, कारण घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. पण मराठी सोडू नका. तालुक्याच्या कोर्टात पक्षकार, साक्षीदार, सातबारा आणि फेरफार सारे मराठीतच बोलतात. सीईटीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. क्लास परवडत असेल तर लावा. नसेल तर वाट अडणार नाही.

पालकांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सनद मिळाली की पैसा सुरू होतो, असे नाही. जुनिअरची पहिली काही वर्षे ओढाताणीची असतात. सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गाला साडेसातशे रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावले, हा दिलासाच. पण पुढे २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीशपदाचे स्वप्न पाहणाऱ्या घराने ही वर्षे हिशेबात धरावीत. क्लासच्या फीपेक्षा त्या वर्षांसाठी चार पैसे बाजूला टाकलेले अधिक उपयोगी पडतात.

मास्तरांच्या मुलीला मी एकच काम सांगितले : आठवडाभर आपल्या तालुका कोर्टात मागच्या बाकावर बसून ये. कोर्टाचे दार एरवी सर्वांना खुले असते. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" म्हणतात, पण वकील होऊ पाहणाऱ्याने ती लवकर चढावी.

आठ दिवसांनी ती वही घेऊन आली. युक्तिवाद तिला फारसा कळला नव्हता. पण वहीत तिने लिहिले होते : एक बाई लांबच्या गावाहून आल्या, दिवसभर बसल्या, पुढची तारीख घेऊन गेल्या. "काका, ती तारीख कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, वकिलांना ठाऊक असेल."

मी वही मिटून मास्तरांच्या हातात दिली आणि म्हटले, "मास्तर, हिची तयारी सुरू झाली आहे."