पाहुणचाराचा ताळेबंद

फाल्गुन लागला की आमच्या इस्लामपुरात सकाळ आणि दुपार यांचे एकमेकींशी पटेनासे होते. पहाटे पांघरूण सोडवत नाही आणि अकरा वाजता पंखा लावावा लागतो. साखराळ्याच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या अजून चाललेल्या असतात, पण हंगामाचा जोर ओसरलेला असतो. कृष्णाकाठच्या गावांकडून येताना वाटेत कुठेतरी हळद शिजवण्याचा उग्र, मातकट वास नाकात शिरतो आणि मग घरी पोचेपर्यंत पाठ सोडत नाही. आंब्याला मोहोर, पळसाला फुले आणि घराघरांत परीक्षांची धास्ती. २०२५ साली सरकारने गावाचे नाव ईश्वरपूर केले. जुनी माणसे तर अजून नुसते ‘उरुण’ म्हणतात. माझ्या पिढीच्या तोंडात मात्र बसलेले नाव इस्लामपूरच. तेव्हा वाचकांनी एवढी सवय चालवून घ्यावी.

अशाच एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. बेल असताना कडी वाजवणारे माणूस आमच्या घरी एकच. दार उघडले तर आक्का! माझी थोरली बहीण. वय सत्त्याहत्तर. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत ओल्या हळदीचे कंद, काकवीची बाटली आणि हरभऱ्याचे शेवटचे डहाळे. बोरगावकडून एस.टी.ने एकटी आलेली. माझ्या तोंडून निघून गेले, “अगं, फोन तरी करायचास!”

आक्का उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, “आपल्याच भावाच्या घरी यायला अर्ज करायचा व्हय रं?”

मी वरमलो. पण खरे सांगायचे तर पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला तो प्रश्न दिवसभर सोडेना. पाहुण्याला हल्ली खरोखरच अर्ज करावा लागतो. ‘रविवारी आहात का?’ असा निरोप जातो. ‘या रविवारी जमत नाही, पुढच्या पाहू’ असे उत्तर येते. पुढचा रविवार लग्नात जातो, त्याच्या पुढचा थकव्यात. मग पाहुणा आणि यजमान दोघेही मनातून सुटकेचा श्वास टाकतात आणि भेट होते ती थेट कुणाच्या तरी दहाव्याला.

आमच्या लहानपणी असे नव्हते, हे वाक्य माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाच्या जिभेवर तयार असते. माझ्याही होते. होळीच्या पुरणापासून रंगपंचमीपर्यंतचे पाच दिवस आमच्या घरात माणसांचा नुसता राबता असे. आमच्या भागात रंग खेळायचा तो पंचमीला. तोवर आत्या येऊन राहिलेली असे, मामा सायकलवरून टपकलेला असे, वडिलांचे एखादे स्नेही तालुक्याच्या कोर्टातली तारीख आटोपून ‘जाता जाता’ म्हणून आलेले असत आणि जेवूनच जात. करमणूक म्हणाल तर फुकटातली. अंगणात डहाळे घेऊन बसायचे आणि घाटे सोलता सोलता गावभरच्या गोष्टी सोलायच्या. दुपारी पत्ते. बदाम सात मुलांसाठी, पाच-तीन-दोन मोठ्यांसाठी, आणि झब्बू सगळ्यांसाठी. कारण झब्बूत हरणाऱ्याला हसायला मोठे-लहान असा भेद नसतो. संध्याकाळी रसवंतीवर जायचे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबून ऐकू आला की पावले आपोआप भरभर पडत. एखाद्या दिवशी बहे-बोरगावच्या बाजूला, कृष्णेतल्या रामलिंग बेटावर. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. दर्शन पाच मिनिटांचे आणि नदीकाठी बसणे दोन तासांचे.

हे सगळे मी त्या रविवारी आक्कासमोर रंगवून सांगत होतो. आक्का पाट मांडून डहाळे सोलत होती. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, “तुम्ही झब्बू खेळत होता तेव्हा आई कुठं होत्या?”

मी आठवू लागलो. आत्या आठवली, मामा आठवला, वडिलांच्या स्नेह्यांची काळी टोपीसुद्धा आठवली. पत्त्यांच्या त्या गोलात आई काही कुठे दिसेना. आक्का खाली मान घालून म्हणाली, “चुलीपाशी. आणि मी बी तिच्याजवळ. मला कुठं येतोय रं झब्बू?”

एका घरात, एका छपराखाली वाढलेल्या बहिणीला झब्बू येत नाही, हे मला साठी ओलांडल्यावर कळले.

सौभाग्यवतींनी मग आणखी एक गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नव्हे, बोलण्याच्या ओघात. नोकरीत मी गावोगावच्या शाखांत बदलून जात असे. मार्चअखेरीला हिशेब जुळवता जुळवता रात्रीचे नऊ-दहा वाजत आणि मी एकट्या राहणाऱ्या दोघा-तिघा सहकाऱ्यांना जेवायला घरी घेऊन येई. सांगून नव्हे, सांगणार कसे, घरी फोन नव्हता. मंडळी तृप्त होऊन जात, ‘वहिनींच्या हाताला काय चव आहे’ म्हणत. मीही त्या कौतुकावर आपले नाव लावून घेई. “त्या रात्री मी काय जेवायची, ते तुम्ही कधी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. शिळी भाकरी असली तर भाकरी, नाहीतर दाण्याची चटणी आणि पाणी.

बँकेत आम्ही संध्याकाळी नावे आणि जमा जुळल्याशिवाय उठत नसू. एका रुपयाचा फरक आला तरी अर्धी रात्र शोधाशोध चाले. आणि घरच्या पाहुणचाराच्या खात्यात मी तीस वर्षे फक्त जमेची बाजू वाचत आलो होतो. नावेची बाजू दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीत लिहिली जात होती.

ही काही एकट्या माझ्या घरची गोष्ट नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस निघाले, बायका एक्याऐंशी. तेव्हा ‘पूर्वी माणसे एकमेकांकडे जात-येत, आता माणुसकी आटली’ असे म्हणण्याआधी आपण थोडे थांबायला हवे. माणुसकी आटली असेल-नसेल. बिनमोल राबणारे हात मात्र आता नोकरीला जाऊ लागले आहेत. आमची सून पुण्यात नोकरी करते. रविवारी न सांगता कुणी आले तर तिच्या कपाळाला आठी पडते. पूर्वी मला ती आठी दिसे. तिच्यामागचे सहा दिवस दिसत नसत.

मग काय, पाहुण्यांना दार बंद करायचे? तसे मला मुळीच वाटत नाही आणि याचे कारण पुन्हा आक्काच आहे. तिचे यजमान गेल्याला बरीच वर्षे झाली. ते होते तोवर ती माहेरी यायची ती वर्षातून दोनदा, राखीला आणि भाऊबीजेला, तीही कुणी न्यायला आले तर. आता ती महिन्यातून दोनदा येते. २६ ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.त पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. सरकारी सवलतींच्या खर्चाविषयी माझ्यातला बँकवाला पुष्कळ बोलू शकेल. पण सकाळच्या गाडीत बसून पाहावे. कुणी लेकीकडे निघालेली असते, कुणी बहिणीकडे, कुणी नुसतीच नरसोबाच्या वाडीला. जन्मभर ज्यांनी पाहुण्यांचे केले, त्या आता पाहुण्या होऊन निघाल्या आहेत. एवढ्या वर्षांच्या जमेतून त्या पहिल्यांदाच थोडी रक्कम काढत आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी आपण म्हणणार, फोन करून या?

तेव्हा मला सुचते ते एवढेच. पाहुणा आटवू नये, पाहुणचार आटोपशीर करावा. चार पदार्थांचा घाट घातला नाही म्हणून कुणाचा अपमान होत नाही. डहाळे, शेंगा, भडंग, फार तर कपभर चहा. यावर आपल्याकडे तासन्तास गप्पा झालेल्या आहेत. दुसरे म्हणजे, ज्याचा पाहुणा आला त्याने गॅसपाशी उभे राहावे. बहीण माझी आणि पोहे सौभाग्यवतींनी करायचे, हा व्यवहार कुठल्याच वहीत जुळणारा नाही. तिसरे, पाहुण्यानेही घरच्या बाईची चौकशी करून तिला गप्पांत बसवल्याशिवाय उठू नये. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे आहे. यजमानाची अक्कल काढणारी म्हण कुणी केली नाही, कारण म्हणी करणारे बहुधा ओसरीवर बसलेले होते.

त्या रविवारी पोहे मी केले. मोहरी करपली, मीठ कमी पडले. आक्काने पहिला घास घेतला, सौभाग्यवतींकडे पाहिले आणि दोघी हसू लागल्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. पोह्यांनंतर मी पत्त्यांचा जोड शोधून काढला. इस्पिकची राणी हरवलेली होती; तिच्या जागी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून घातला. आक्काला झब्बू शिकवायला अर्धा तास लागला. चौथ्या डावात तिने मला असा झब्बू दिला की माझ्या हातात पत्ते मावेनात.

चारच्या गाडीला तिला बसवायला स्टँडवर गेलो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, “पुढच्या खेपेला येताना फोन करू का रं?”

“नको,” मी म्हणालो. “मोहरी तेवढी तू येईपर्यंत मी शिकून ठेवतो.”