मुलें तयार आहेत, मोठीं माणसें कोठें आहेत?

नवी मुंबईंतील आमच्या आगरी, कोळी, कारागीर व माथाडी बांधवांनीं हे चार शब्द शांतपणें वाचावे, अशी आमची विनंती आहे.

बालवीरांची म्हणजे स्काऊटांची चळवळ १९०९ सालीं या देशांत आली, ती गोऱ्यांच्या मुलांपुरती. देशी मुलांस दार बंद होतें. म्हणून १९१८ सालीं पंडित मालवीय आदि मंडळींनीं सेवा समितीची वेगळी बालवीर संघटना काढली. आज दार सर्वांस मोकळें आहे. पण आंत शिकवणार कोण? एका मास्तराच्या गळ्यांत साठ मुलें पडलीं, तर झेंडावंदनाला सलामी होते आणि वर्ष संपतें.

बेडन पॉवेल यांनीं १९०७ सालीं पहिलें शिबिर भरविलें, तें सुमारें वीस मुलांचें, चार टोळ्या करून. आजहि टोळी सहा ते आठ मुलांची असते, आणि अशा चार टोळ्यांचें, म्हणजे फार तर ३२ मुलांचें, एक पथक. कारण टोळीचा नायकहि पोरच. तो सात जणांस सांभाळील, वीसांस नाहीं. आवणी दाट केली तर पेंढा वाढतो, दाणा भरत नाहीं, हें आमच्या आयाबहिणींस कोणीं सांगावयास नको.

तेव्हां जितकीं मोठीं माणसें, तितकीं मुलें, हाच नियम धरावा. साठ मुलें आलीं तर दोन पथकें करावीं. माणूस मिळेपर्यंत बाकीच्यांचीं नांवें वहींत लिहून ठेवावीं, पण कोणास हांकलूं नये.

"आम्ही अडाणी, तें मास्तरांचें काम," असें कोणी म्हणेल. अहो, दोराच्या गांठी दिवाळ्याच्या कोळ्याहून चांगल्या कोण शिकवील? पाठ न मोडतां ओझें कसें उचलावें, हें बाजारांतील माथाडीच दाखवील. मुलींच्या गाईड पथकासाठीं बायांनींहि पुढें यावें.

फळ्यावर सूचना लिहून माणूस येत नाहीं. घरीं जावें, एकच काम सांगावें: "दादा, रविवारीं दोन तास या, पोरांना गांठी शिकवा." दोन तासांस आलेला पुढें टिकतो, मग त्यास रीतसर शिक्षण द्यावें. मात्र माणसाची चौकशी आधीं करावी, आणि मुलांपाशीं एकटा कोणी नसावा, दोघे असावे.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि या शहरासाठीं ९५ गांवांची जमीन घेण्यांत आली. शेत गेलें, तरी सावड कां जावी? आज तुम्ही माझ्या पोरासाठीं, उद्यां मी तुमच्या पोरासाठीं. दर गांवकीनें चार माणसें द्यावीं. पोरें दाराशीं उभीं आहेत. त्यांस उद्यां या म्हणूं नका.