किती भिजणार, ते आधी सांगा ना!

लॉग फ्लूम राइडच्या रांगेत उभे राहिलात, की मागून कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, नुसते शिंतोडे उडतात!’ अजिबात विश्वास ठेवू नका. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास’मध्ये अशी पहिली आधुनिक राइड आली, तेव्हापासून गंमत तीच. ओंडक्यासारखी होडी उतारावरून सुसाट खाली येते आणि खालचं पाणीच तिचा ब्रेक असतं. म्हणजे पाणी उडणारच! होडीत वजन जास्त, तर ती जास्त खोल घुसते. मग पुढच्या सीटवाल्याची बहुतेक वेळा आंघोळच.

हे सगळं पार्कवाल्यांना पक्कं माहीत असतं. मग ‘थोडे भिजाल’ की ‘चिंब व्हाल’, एवढं रांगेच्या तोंडाशी पाटीवर लिहायला काय जातं? ओल्या कपड्यांत बसने तीन तास परतायचं, या धास्तीने प्रत्येक ट्रिपला एखादी मैत्रीण सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बाकावर बसून राहते. आपण वर तिलाच ‘बोअर’ म्हणतो. तिलाही भिजायचं असतं हो. जादा कपडे आण, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पाटी लागेल तेव्हा लागेल, पुढच्या ट्रिपच्या ग्रुपवर तेवढा एक मेसेज तुम्हीच टाका.