‘आजाराची सुरुवात’ या रकान्यातली एक ओळ

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक
(रुग्णालयाचे नाव छापत नाही. आपण ओळखालच.)

विषय : मुलीच्या केस पेपरवरील चुकीची नोंद. अर्ज चौथा.

महोदय,

पहिल्या तीन अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. उत्तर एकाचेही नाही. म्हणून चौथा अर्ज चारचौघांत.

मागणी तीच. ‘आजाराची सुरुवात’ या रकान्यात आपल्या डॉक्टरांनी लिहिले आहे : ‘नोव्हेंबर, परीक्षेचा ताण’. मुलीला ताप आला 9 ऑगस्टला. घसा सुजला, मानेत गाठी आल्या, आणि 17 ऑगस्टला एपस्टीन-बार विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह आली. आपल्याच प्रयोगशाळेतून, आपल्याच शिक्क्यानिशी. ताप उतरला, पोर उठली नाही. नोव्हेंबरच्या परीक्षेला ती बसलीच नाही. न दिलेल्या परीक्षेचा ताण तीन महिने आधी येऊन मानेत गाठी आणतो, हा शोध आपण जरूर प्रसिद्ध करावा.

मी एकतीस वर्षे महसुलात कारकुनी केली. सातबाऱ्यावरची एक चुकीची नोंद तीन पिढ्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते, हे मला कुणी सांगायला नको. आपल्या त्या ओळीनंतर प्रत्येक डॉक्टरने आधी कागद वाचला, मग मुलीकडे पाहिले. सल्ला एकच : रोज चाला, दर आठवड्याला दहा मिनिटे वाढवा. ती चालली. तिसऱ्या आठवड्यात केस विंचरायला हात वर जाईना. श्रमानंतर असे कोसळणे हेच क्रॉनिक फटीग सिंड्रोमचे मुख्य लक्षण आहे. असा चढता व्यायाम देऊ नका, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्येच लिहून ठेवले आहे.

आता आकडे, कारण बापाच्या शब्दाला आपल्याकडे किंमत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या 4,501 विद्यार्थ्यांची माहिती आणि रक्त आधीच घेऊन ठेवले होते. पुढे त्यांतल्या 238 जणांना हाच गाठींचा ताप आला. सहा महिन्यांनी 55 जण, म्हणजे 23 टक्के, या सिंड्रोमच्या निकषांत बसले. आजारापूर्वी ते मनाने अधिक खचलेले होते का? नव्हते. फरक होता तो शारीरिक तक्रारींत आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांत.

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या परिसरातला अभ्यास 2006 चा. रुग्ण 253, संसर्ग तीन : एपस्टीन-बार, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू. यातला रॉस रिव्हर म्हणजे आपल्या चिकुनगुन्याचा भाऊबंद. जंतू वेगळे, तरी सहा महिन्यांनी 28 जण त्याच सिंड्रोममध्ये अडकलेले. कोण अडकणार, हे मुख्यतः पहिल्या तापाच्या तीव्रतेवरून ठरले, स्वभावावरून नव्हे.

अर्थात आपली परंपरा थोर आहे. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात 292 कर्मचाऱ्यांना असाच आजार झाला, जुलै ते ऑक्टोबर रुग्णालय बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून निकाल दिला : हिस्टेरिया. एक आधार असा की, आजाऱ्यांत बायका जास्त होत्या. माझीही मुलगीच आहे, हा तिचा गुन्हा मला मान्य आहे.

आजार अंगात दडून राहिलेल्या विषाणूमुळे टिकतो की विस्कटलेल्या प्रतिकारशक्तीमुळे, हे अजून सिद्ध झालेले नाही. तसा माझा दावाही नाही. 2009 मध्ये ‘एक्सएमआरव्ही’ हा विषाणू याच सिंड्रोमच्या रुग्णांच्या रक्तात सापडल्याचा गाजावाजा झाला. तो प्रयोगशाळेतल्या भेसळीचा प्रताप निघाला, आणि 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाला आपली चूक मागे घेता येते. आपल्याला एक रकाना दुरुस्त करता येत नाही?

मला भरपाई नको, माफीनामाही नको. आजार कशाने टिकला ते आपण लिहू नका. आपल्याला ठाऊक नाही. तो कधी सुरू झाला एवढेच लिहा. चुकीच्या ओळीवर आडवी रेघ मारायची, खालचे अक्षर दिसत ठेवायचे, वर लिहायचे ‘9 ऑगस्ट, ताप’, बाजूला सही आणि तारीख. आमच्या कचेरीत हे काम दोन मिनिटांचे होते. पद्धत माहीत नसेल तर मी स्वतः येऊन दाखवतो. पेन माझे.

आपला (केवळ रिवाज म्हणून),
एक निवृत्त अव्वल कारकून