विंचवाचं बिऱ्हाड

नाकावर विंचवाचं चिन्ह असलेली छोटी गाडी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे क्वचितच दिसते. दिसली तर ती फियाटची पुंटो आहे हे ओळखा. फियाटचा बिल्ला काढून तिथे अबार्थचा विंचू बसवलाय, एवढंच. कार्लो अबार्थने 1949 मध्ये इटलीत रेसिंगच्या गाड्यांची कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. 1971 मध्ये फियाटने ती कंपनी विकत घेतली आणि विंचू फियाटच्या घरात आला.

ऑक्टोबर 2015 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो बाजारात आली. 1368 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत 9 लाख 95 हजार. त्या पैशात एवढ्या ताकदीची हॅचबॅक देशात दुसरी नव्हती. गाडी खरोखर पळायची. पण चारेक वर्षांत पुंटोच बंद झाली, फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि रांजणगावात जीप बनत राहिल्या.

म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसंच झालं. फियाटचा भारतातला संसार आधीपासूनच असा. कुर्ल्याला प्रीमियरने फियाट बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली. मग पॅलिओ आली, जाहिरातीत सचिन आला. मग टाटांबरोबर भागीदारीत रांजणगाव. काही वर्षं फियाट घ्यायला टाटाच्या शोरूममध्ये जायचं, 2012-13 च्या सुमारास तेही मोडलं आणि फियाटने वेगळी दुकानं थाटली. त्या धामधुमीत विंचू आला. गाडीत दोष नव्हता, घरात स्थिरता नव्हती.

नाव बदलून गाडी विकण्याला लोक फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. चाकणला फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड एकाच छपराखाली बनायच्या. नाशिकला रेनॉची लोगन पुढे महिंद्राची व्हेरिटो झाली. यात गिऱ्हाइकाचं नुकसान काय झालं? उलट रेनॉने पाठ फिरवल्यावर लोगनवाल्याला व्हेरिटोचे पार्ट मिळत राहिले. जुळं भाऊ असला की एकाचं नाव पुसलं तरी दुसऱ्याच्या नावावर भागतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण साध्या डिझेल पुंटोच्या पोटात आहे. 1248 सीसीचं ते इंजिन फियाटमध्ये मल्टीजेट, मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये डीडीआयएस आणि टाटाच्या व्हिस्टा-मान्झामध्ये क्वाड्राजेट. नावं तीन, इंजिन मुळात एकच. त्यामुळे फियाट गेली तरी मूलच्या किंवा आरमोरीच्या मिस्त्रीला त्या इंजिनाची भीती नाही. डिझायर उघडणारा हात पुंटोही उघडतो.

विंचवाचं मात्र उलटं. त्याच्यात जे खास होतं, म्हणजे बसकं सस्पेन्शन, जास्त ताकदीला जुळवलेले भाग, त्याला जुळा भाऊच नाही. लिनिया टी-जेटचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण तीही गेली. आणि आपले रस्ते बघा. घुग्घुसकडचे कोळशाचे ट्रक, आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक. तिथे बसकी गाडी घेऊन जाणं म्हणजे हौसच. सस्पेन्शनचा एक भाग गेला की चंद्रपूरवाल्याला दीडशे किलोमीटरवर नागपूर. सिरोंच्याच्या माणसाला तर स्वतःचं जिल्ह्याचं गावच दोनशेच्या वर. गडचिरोली जिल्ह्यात वडसा सोडलं तर रेल्वे जवळजवळ नाहीच. इथे गाडी बंद पडणं म्हणजे दवाखाना, कोर्ट, बाजार, सगळंच बंद पडणं.

इथे मिस्त्रीचा मुद्दा येतो, आणि माझं म्हणणं खरं त्याच्याबद्दल आहे. आमच्या मोहल्ल्यांतली कितीतरी पोरं दहावीच्या आधी पाना हातात घेतात. सच्चर समितीनेही 2006 च्या अहवालात वाहनदुरुस्ती हा मुस्लिमांच्या रोजीचा ठळक भाग असल्याचं नोंदवलं. ही पोरं उस्तादाकडे कानाने इंजिन ओळखायला शिकतात. पण आजची गाडी कानापेक्षा संगणकाशी जास्त बोलते, आणि त्या संगणकाची किल्ली कंपनी आपल्या वर्कशॉपबाहेर सहजासहजी जाऊ देत नाही.

याविरुद्ध निकाल झालेला आहे. 2011 मध्ये एका ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट 2014 मध्ये आयोगाने फियाटसह 14 कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असं सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. निकालानंतर चौदा महिन्यांनी विंचू बाजारात आला! 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर कंपनीने काय टाकायचं हे कंपनीच्या मर्जीवर असेल, तर ज्या कंपनीने गाड्या विकणंच बंद केलं ती काय टाकणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. एखादं मॉडेल बंद करताना कंपनीने वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीचं पुस्तक आणि कोणता पार्ट दुसऱ्या कोणत्या गाडीला चालतो याची यादी खुली करावी, मराठीतही. ही यादी कंपनीकडे असतेच, कारण एकच पार्ट चार गाड्यांना लावूनच तर ती पैसा वाचवते. त्या बचतीचा वाटा गिऱ्हाइकालाही मिळू द्या. आयटीआयमधल्या पोरांना शिकवायलाही ती कामी येईल.

तोवर, मोबाइलवर व्हिडिओ बघून विंचवाच्या मागे लागलेल्या तरुण दोस्तांनो, जुनी फियाटच घ्यायची असेल तर आधी डिझेल पुंटो बघा. आणि विंचूच हवा असेल तर आपला मिस्त्री सोबत न्या, त्याला गाडीखाली झोपून नीट बघू द्या, मग भावाचं बोला.