एआय एजंटच्या टूलची वर्णने स्पष्ट लिहा: कुडवा परिसरातील सेवा केंद्रचालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाआयटी, मुंबई

विषय: सरकारी पोर्टलवर नागरिकांच्या वतीने ब्राउझर चालवणाऱ्या एआय एजंटसाठी टूलची वर्णने स्पष्ट, पूर्ण आणि तपासलेली असण्याबाबत.

महोदय,

कुडवा आणि गोंदिया शहरालगतच्या गावांत आम्ही सेवा केंद्रे चालवतो. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, महाडीबीटीचे अर्ज, पीकविमा, धानविक्रीची नोंदणी ही सगळी कामे आमच्याकडे ब्राउझरमधूनच होतात. एका संगणकावर दिवसभरात अनेकांचे लॉगिन उघडते आणि बंद होते.

आता हे काम यंत्राकडे जाण्याची चिन्हे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवरून सेवा देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला आणि जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. या बदलाला आमचा विरोध नाही. मात्र एजंट पोर्टलवर येण्यापूर्वी एका गोष्टीची हमी हवी: त्याला दिलेली टूलची वर्णने स्पष्ट आणि पूर्ण असावीत.

एजंटला पोर्टलचा अनुभव नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आता अनेक ठिकाणी वापरला जातो. त्यात प्रत्येक टूलचे (म्हणजे एजंटला करता येणाऱ्या एकेका कृतीचे) नाव, वर्णन आणि त्याला लागणारी माहिती एजंटला दिली जाते. कोणते टूल केव्हा वापरायचे, हे तो मुख्यतः त्यावरूनच ठरवतो. नवा ऑपरेटर अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंटपुढे ते वर्णनच असते. म्हणून त्यातली चूक थेट शेतकऱ्याच्या अर्जात उतरते.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे:

१. सेशनच्या प्रत्येक टूलने नेमके काय बंद होते, ते लिहा.
टॅब बंद केल्याने लॉगिन संपतेच असे नाही. ब्राउझरमधली कुकी आणि सर्व्हरवरचे सेशन जिवंत राहू शकते. पुढच्या माणसासाठी तेच पोर्टल उघडले, तर आधीच्या माणसाचे खाते समोर येऊ शकते. आमच्या भागात एकाच गावात सारख्या नावाचे लोक असतात, त्यामुळे ही चूक नजरेतून सहज सुटते. ‘टॅब बंद करते’, ‘लॉग आऊट करून सर्व्हरवरचे सेशन संपवते’ आणि ‘जतन केलेले लॉगिन पुन्हा वापरते’ ही तीन वेगळी टूल असावीत. प्रत्येक अर्जदारासाठी स्वतंत्र सेशन उघडावे आणि त्यावर अर्ज क्रमांकाची खूण असावी. पहिले सेशन संपल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरे सुरू करू नये, हे वर्णनातच लिहिलेले असावे.

२. परत न फिरणाऱ्या कृतीचा इशारा द्या.
‘अर्ज पाठवते’ एवढे वर्णन पुरेसे नाही. आम्हाला हवे ते असे: ‘भरलेला अर्ज अंतिम सादर करते. त्यानंतर बदल करता येत नाही. आधी अर्जदाराला पूर्ण मसुदा दाखवून होकार घ्यावा. उत्तर आले नाही तर हे टूल पुन्हा चालवू नये. आधी अर्जाची स्थिती पाहावी.’ शेवटची दोन वाक्ये नसतील, तर सर्व्हर अडकल्यावर एजंट तोच अर्ज किंवा तेच शुल्क दुसऱ्यांदा पाठवू शकतो. वर उल्लेख केलेल्या प्रोटोकॉलमध्ये मार्च २०२५ पासून ‘फक्त वाचते’, ‘नुकसान करू शकते’ आणि ‘पुन्हा चालवले तरी फरक पडत नाही’ अशा खुणांची सोय आहे. त्या खुणा भराव्यात, पण अर्जदाराचा होकार खुद्द पोर्टलनेही तपासावा.

३. प्रत्येक रकान्याचे एकक आणि स्वरूप सांगा.
शेतकरी एकरात बोलतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. ‘क्षेत्र’ एवढेच लिहिले तर दोन एकरांचे दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर होतात. विम्याचा हप्ता क्षेत्रावर ठरतो, धानाचा हेक्टरी २०,००० रुपयांचा बोनसही क्षेत्रावरच मोजला गेला. गावाचे नाव टाइप करून घेऊ नये. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या कोडवरून निवडून घ्यावे, कारण कुडव्याचे स्पेलिंग कागदोकागदी बदलते.

४. चूक दाखवणाऱ्या संदेशात कारण आणि पुढची पायरी द्या.
सेशन संपले, सर्व्हर बंद आहे, कागद अपुरा आहे, अर्ज आधीच भरलेला आहे: या चार अडचणींवरचे उपाय चार आहेत. ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश मिळाला तर एजंट अंदाज करील, आणि अंदाजाने भरलेला अर्ज त्रुटीत निघेल. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे नागरिकाला मुदत आणि अपिलाचा हक्क मिळाला. पण अर्ज चुकीचा भरला गेला, तर त्या हक्कापर्यंत पोहोचायलाच उशीर होतो.

५. ओटीपी आणि आधार क्रमांक एजंटने साठवू नयेत.
हे प्रत्येक संबंधित वर्णनात स्पष्ट असावे. पोर्टलच्या पानावर किंवा जोडलेल्या कागदात लिहिलेला मजकूर आदेश समजू नये, हेही त्यात यावे.

६. वर्णने मराठीतही जाहीर करा.
ज्याच्या नावाने अर्ज जातो, त्याला यंत्र काय करणार हे वाचता आले पाहिजे. पोर्टल बदलले की वर्णन त्याच दिवशी बदलावे आणि बदलाची तारीख नोंदवावी.

७. जबाबदारी निश्चित करा.
वर्णन चुकीचे असल्यामुळे अर्ज बिघडला, तर त्याचा दंड अर्जदाराला किंवा केंद्रचालकाला होऊ नये. अर्ज विनाशुल्क दुरुस्त करून मिळावा आणि अर्जाची मूळ तारीख कायम राहावी.

यासाठी आम्ही आमचा वेळ देऊ. प्रत्येक वर्णन आधी चार केंद्रचालकांना वाचायला द्यावे. टूल न पाहता, केवळ त्या मजकुरावरून ते केव्हा वापरायचे आणि केव्हा नाही हे त्यांना सांगता आले नाही, तर ते वर्णन पुन्हा लिहावे. खरीप धानाच्या नोंदणीची गर्दी सुरू होण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात महाआयटीचे तांत्रिक अधिकारी आणि केंद्रचालक यांची संयुक्त बैठक घ्यावी आणि वरील प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
कुडवा परिसरातील सेवा केंद्रचालकांच्या संघटनेच्या वतीने